फॉस्टर कुत्री रविवारी जाणार, आणि लेकीनं तिची फाइल लपवलीय

तिसरा_मजला
सोमवार, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय. पहिलाच धागा, तोही घाईत, सांभाळून घ्या.

आम्ही कर्वेनगरला राहतो. मी, नवरा, साबा (सासूबाई) आणि लेक (वय ९, चौथी). जानेवारीत राजाराम पुलाजवळ कुठल्याशा गाडीनं उडवलेली एक कुत्री माझ्या मैत्रिणीला दिसली. तिनं एका संस्थेला फोन केला, त्यांनी उचलून नेली. मागच्या उजव्या पायाचं मांडीचं हाड मोडलं होतं. त्यात रक्त तपासल्यावर गोचीडताप निघाला, प्लेटलेट्स खाली, म्हणून ऑपरेशन पाच दिवस लांबलं. मग प्लेट आणि स्क्रू घातले. डॉक्टरांनी सांगितलं, सहा ते आठ आठवडे पळणं नाही, उडी नाही, जिना नाही. शेल्टरमध्ये आजूबाजूला पन्नास कुत्री भुंकत असताना हे जमायचं कसं? म्हणून संस्था फॉस्टर घर, म्हणजे बरी होईपर्यंत सांभाळणारं घर, शोधत होती. औषधं, डॉक्टर, पिंजरा त्यांचा. जागा, जेवण आणि माणसं आपली.

मैत्रिणीनं ग्रुपवर टाकलेला फोटो लेकीनं माझ्या खांद्यावरून पाहिला, तिथेच सगळं ठरलं म्हणा ना. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चौदा किलोची कुत्री दिवसातून चार वेळा उचलून खाली न्यायची, पोटाखालून टॉवेलची झोळी धरून शी-शू करवायची, परत वर आणायची. नवऱ्यानं जिम सोडलं आहे.

नाव ठेवायचं नाही असं ठरलं होतं. संस्थेच्या मुलीनंच बजावलं होतं, नाव ठेवलं की माणूस गुंततो. पण फाइलवर पहिलीच ओळ होती: 'मादी, अंदाजे १० महिने, पट्टेरी तपकिरी, सिंहगड रोड'. लेकीला वाटलं तेच नाव. "मादी, इकडे बघ." साबांनी कपाळाला हात लावला. जिन्यातून 'मादीऽऽ' अशी हाक ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दार उघडून बघून गेल्या. शेवटी तडजोड म्हणून 'मादू' झालं.

पिंजरा हॉलमध्ये, टीव्हीच्या जागी. फरशी गुळगुळीत, म्हणून पिंजऱ्यापासून दारापर्यंत सतरंज्या, योगा मॅट आणि साबांची जुनी घोंगडी असा रस्ता. त्याला 'मादू मार्ग' अशी पाटी. तिच्या पंज्यांना भाजलेल्या पापडाचा वास येतो, हा शोधही लेकीचाच. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो हुंगायला लावते. (खरंच येतो.)

आता मुद्दा. येत्या रविवारी सहा आठवडे पूर्ण होतात. तळेगावचं एक निवृत्त जोडपं तिला दत्तक घेतंय. बैठं घर, कुंपण असलेलं अंगण. दोनदा येऊन भेटून गेले, संस्थेनं घर बघून पसंत केलं. उरलेली विश्रांती तिथे, जिना नाही म्हणजे उलट सोयीचंच. सगळं छान. आणि कालपासून फाइल गायब आहे. लसीचं कार्ड, एक्सरे, रक्ताचे रिपोर्ट, दत्तकाचे कागद, सगळं त्यात. लेकीला विचारलं तर "मला काय माहीत" म्हणते आणि परिसर अभ्यास उघडून बसते. स्वतःहून परिसर अभ्यास उघडणारं मूल संशयितच.

ठेवून घ्या म्हणणाऱ्यांसाठी आधीच सांगते: भाड्याचा फ्लॅट, मालकांनी दोन महिन्यांपुरतं तोंडी हो म्हटलंय. आम्ही दोघं नऊ ते सात बाहेर. साबांचं मे महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे, नंतर वॉकर. हे सगळं लेकीलाही सांगितलंय.

दरडावून फाइल काढून घेऊ, की थांबू?

---

चहा_बिस्कीट
सोमवार, रात्री ११:०५

फॉस्टर फेल होणार तुमचं, म्हणजे कुत्री तुमच्याकडेच राहणार. लिहून ठेवा. आमच्याकडे 'दहा दिवसांसाठी' आलेला बोका सहा वर्षं झाली, सोफ्यावर आहे, आम्ही खाली बसतो.

---

सात_गेली_आठवी_आहे
सोमवार, रात्री ११:३१

धागाकर्तीताई, दरडावू नका. फाइल कुठे जात नाही. लसीच्या नोंदी दवाखान्यात असतात, दत्तकाचे कागद संस्थेकडून पुन्हा छापून मिळतात. उद्या एक फोन करून ठेवा म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही, आणि लेकीशी बोलताना आवाज चढणार नाही.

आता मला एक सांगा. पहिल्या दिवशी लेकीला नेमकं काय सांगितलं होतं? शब्दन् शब्द आठवत असेल तर तो लिहा. आणि तिनं मधे कधी विचारलं असेलच की "आपण हिला ठेवूया का?" तेव्हा तुमचं उत्तर काय होतं?

खोचकपणे विचारत नाहीये. आमच्याकडून सात गेली, त्यातली पहिली दोन जाताना घरात जे रडणं झालं ते आठवून विचारतेय.

---

पेठेतला_पक्का
मंगळवार, सकाळी ७:१२

इथे सगळे लाडाकोडाचं लिहिणार, म्हणून मीच वाईट होतो. आमच्या गल्लीत गेल्या वर्षी सहा वर्षांच्या मुलाच्या पोटरीचा लचका तोडला. रस्त्यावरचं जखमी जनावर, ज्याचा आगापिछा माहीत नाही, ते नऊ वर्षांच्या मुलीबरोबर एका खोलीत ठेवायचं, हे मला पटत नाही. रेबीजला औषध नाही. संस्था फोटो काढतात, जबाबदारी तुमच्या गळ्यात.

---

ताप_किती_आहे
मंगळवार, सकाळी ९:४०

पक्का यांचा सूर जाऊ द्या, भीती अस्थानी नाही. मी लहान मुलांची डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण लक्षणं दिसायच्या आत वेळेवर सगळं केलं तर तो टाळता येतो. चावा असो की नुसता दात लागून ओरखडा, पहिलं काम नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुणं. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट, कॉफी काही लावायचं नाही. मग लगेच दवाखाना. दंडात द्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, आणि लोक नेमकं तेच विसरतात.

ज्या घरात अशी कुत्री येत-जात राहणार आहेत तिथे मुलांना आधीच लस देऊन ठेवता येते: ० आणि ७ व्या दिवशी, तिसरा डोस २१ किंवा २८ व्या दिवशी. मग पुढे कधी चावा झाला तर दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. जखम धुणं आणि दवाखान्यात जाणं मात्र तेव्हाही चुकत नाही.

पाय दुखत असलेलं कुत्रं सर्वांत गरीब दिसतं आणि सर्वांत आधी दात दाखवतं. जांभई, ओठ चाटणं, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं हे 'लांब राहा' असतं. मुलांना हे दोन दिवसांत कळतं. मोठ्यांना वेळ लागतो, आपल्याला वाटतं त्याला झोप आलीय.

---

तिसरा_मजला
मंगळवार, दुपारी १:२०

डॉक्टरताई, धन्यवाद. लेकीचे तीन डोस झालेत, संस्थेची ती अटच होती. मादूला रेबीजची लस दिलेली आहे. मुलगी आणि कुत्री दोघीच खोलीत, असं एकदाही होऊ दिलं नाही. पिंजरा बंद असतानासुद्धा साबा किंवा आमच्यापैकी कोणीतरी असतंच. पेठेतला_पक्का, तुमचा राग मी समजू शकते. पोटरीचं वाचून मलाही कसंतरी झालं.

सात_गेली, तुमच्या प्रश्नावर मी जेवणाच्या सुट्टीत चांगली वीस मिनिटं बसले होते. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "हिचा पाय बरा होईपर्यंत ही आपल्याकडे." तारीख नाही सांगितली.

आणि ठेवूया का, हे तिनं निदान पंधरा वेळा विचारलं असेल. दर वेळी माझं उत्तर होतं, "बघू".

---

चहा_बिस्कीट
मंगळवार, दुपारी १:४४

बघू!!! मी लहानपणी सायकलसाठी 'बघू' वर चौथी ते आठवी काढली.

---

सात_गेली_आठवी_आहे
मंगळवार, दुपारी २:१५

तेच वाटलं होतं. आपल्या भाषेत आईबापाचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे आपल्याला माहीत असतं. पोराला ते 'कदाचित' ऐकू येतं. तुमच्या हिशेबानं तुम्ही तिला सहा आठवडे नाही म्हणत होतात. तिच्या हिशेबानं तुम्ही पंधरा वेळा अर्धं हो म्हटलंय आणि आता शब्द फिरवताय. फाइल लपवणं हे चोरीपेक्षा निषेधासारखं आहे. मला तर कौतुक वाटलं. कागद नसले की व्यवहार होत नाही हे नवव्या वर्षी कळलंय पोरीला.

आज स्पष्ट सांगा. नाही ठेवणार, रविवारी अकरा वाजता ते येणार, हे बदलणार नाही. रडू द्या. आणि एक काम तिला द्या, खरं काम, 'टाटा कर बेटा' छाप नको. आमच्याकडे साखळी नव्या माणसाच्या हातात मुलगा देतो, आम्ही नाही.

आणि काहीही झालं तरी ती शाळेत असताना पाठवू नका.

---

वाड्यातला_बाळ्या
मंगळवार, रात्री १०:०२

शेवटच्या वाक्याला प्लस हजार.

सदाशिव पेठेतला वाडा, मी तिसरीत. खंड्या म्हणून कुत्रा होता, चौकातच वाढलेला, तसा कोणाचाच नाही, पण झोपायचा आमच्या दारात. एक दिवस शाळेतून आलो तर नाही. वडील म्हणाले पळून गेला. मी आणि शेजारचा पोरगा पंधरा दिवस पेरूगेट, भिकारदास मारुती, पार सारसबागेपर्यंत हाका मारत हिंडलो. पाऊस होता. शेजारच्याला कावीळ झाली, त्याचाही ठपका माझ्यावर.

वीसेक वर्षांनी आई मेथी निवडता निवडता म्हणाली, "अरे खंड्या ना, तो यांनी हडपसरला एका शेतकऱ्याला दिला होता. चांगला राहिला म्हणे." आणि पुढची जुडी घेतली. कुत्रा सुखात होता हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. मला आठवली ती सारसबाग.

---

गूळपोळी
बुधवार, सकाळी ११:१०

मला मूळ धाग्यातली एक ओळ टोचली. "साबांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे... हे सगळं लेकीलाही सांगितलंय." भाडं, मालक, ऑफिस हे मुलांना दिसत नाही. आजी दिसते. तीन कारणांपैकी तिच्या डोक्यात एकच राहिलं असणार. आता लेक आजीशी कशी वागतेय, जरा लक्ष द्या.

आमच्या घरी 'बाबांना धूळ सोसत नाही' म्हणून मांजर नाही, असं सांगितलं होतं. धाकटा वर्षभर बाबांच्या शिंका मोजायचा.

---

कलम_बहाद्दर
बुधवार, दुपारी ३:३५

भावनेचं झालं असेल तर थोडं कागदाचं बोलू. रस्त्यावरच्या कुत्र्यांबाबत सध्या प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ लागू आहेत, ते १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखालचे. २००१ चे जुने नियम गेले. साधा अर्थ असा की पकडायचं, नसबंदी आणि लस करायची, जिथून उचललं तिथेच सोडायचं. कानाला खाच दिसते ती त्याची खूण.

११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली कुत्री उचलून कायमची शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं, त्यावर देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो आदेश बदलला: रेबीज झालेली, रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक सोडून बाकीची लस-नसबंदी करून परत सोडायची. त्याच आदेशात दत्तकाचाही उल्लेख आहे, आणि दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. म्हणून तळेगावच्या मंडळींच्या करारात 'जमलं नाही तर कुत्री संस्थेकडेच परत' हे वाक्य आहे का, ते बघा. नसबंदी झाली आहे का? दहा महिन्यांची मादी कधीही माजावर येईल, आणि कुंपण कितीही उंच असलं तरी गावातले नर एकेक युक्त्या काढतात.

पुण्यात पाळीव कुत्र्याला महापालिकेचा परवाना लागतो, त्याला रेबीज लसीचं प्रमाणपत्र जोडायचं. तळेगावला नगरपरिषद आहे, तिथली पद्धत त्यांनी विचारावी.

---

चिमणचारा
बुधवार, संध्याकाळी ६:०८

अवांतर: खायला काय देत होतात? आणि कुत्र्याला खरंच तूप चालत नाही का? आमच्या आजी म्हणतात, नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते, मग?

---

तिसरा_मजला
बुधवार, रात्री ९:५५

चिमणचारा, अगदी हाच वाद आमच्याकडे पहिल्या आठवड्यात झाला. साबांनी गुपचूप दोन चमचे साजूक तूप घातलं भातावर. त्या रात्री पिंजरा तीनदा धुतला. डॉक्टर साबांना म्हणाले, "आजी, नामदेवांच्या कुत्र्यानं कोरडी पोळी पळवली होती. तुमची चिकन-भात खाऊन वर तूप खातेय." तेव्हापासून उकडलेलं चिकन (हाडं काढून, शिजलेली हाडं अजिबात नाहीत), भात, लाल भोपळा. कांदा-लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट बंद. खाण्यावर आमचे सहा आठवड्यांत साडेतीन हजाराच्या आसपास गेले.

एक महत्त्वाचं: पाय दुखतोय म्हणून घरातली गोळी देऊ नका कोणी. आम्ही जवळजवळ दिली होती. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्यांच्या पोटात आणि मूत्रपिंडात गोंधळ घालतात. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंदच आहे, ते गिधाडांमुळे, पण आमच्या औषधाच्या डब्यात ते होतंच.

कलम_बहाद्दर, करारात ते वाक्य आहे. नसबंदी बाकी आहे, पाय भरल्यावर करायची, महिना लिहिलाय.

लेकीशी काल रात्री बोलले. सरळ 'नाही' म्हटलं. मला वाटलं होतं आकाशपाताळ एक करेल. ती म्हणाली, "मग आधीच का नाही सांगितलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ती पिंजऱ्याशेजारी जाऊन आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं. मादूनं जाळीतून नाक काढून तिच्या वेणीचं रबर ओढलं. रोजचा खेळ आहे तो. काल ती हसली नाही.

फाइल अजून नाही. गूळपोळी, तुमचं वाचून पोटात खड्डा पडला. रविवारपासून ती आजीच्या हातचं खातेय, पण आजीजवळ झोपत नाहीये. मला वाटत होतं कुत्रीमुळे हॉलमध्ये झोपते.

---

तिसरा_मजला
गुरुवार, रात्री १०:३०

फाइल सापडली.

आज संध्याकाळी धीर करून साबांना म्हटलं, तुमच्या गुडघ्याचं नाव पुढे केलं ही माझी चूक झाली, मी लेकीशी बोलते. त्या उठल्या, देवघराखालचा ड्रॉवर उघडला, पोथ्यांच्या खालून फाइल काढून माझ्या हातात दिली.

रविवारी लेकीनंच आणून दिली होती त्यांच्याकडे. "आजी, ही ठेव, कोणाला देऊ नकोस." मी म्हटलं, अहो आई, मी चार दिवस घर उलथंपालथं करतेय, कपाटामागे विजेरी लावून बघितलं, तुम्ही एक शब्द नाही बोललात? तर म्हणाल्या, "तू मला विचारलंस कधी? सगळ्यांना विचारलंस. आणि माझ्या गुडघ्यामुळे कुत्री चाललीय असं घरात चाललेलं मला ऐकू येतं. गुडघा गेलाय, कान नाही. म्हटलं, निदान पोरीला कळू दे की आजी तिच्या बाजूनं आहे."

चार दिवस त्या दोघींमध्ये काय बोलणं होत होतं, कोण जाणे. मला वाटत होतं अबोला आहे. तो अबोला नव्हता, कट होता.

मग लेकीला बोलावलं आणि तिच्यासमोर सांगितलं, आजीच्या गुडघ्यामुळे नाही. मी आणि बाबा दिवसभर घरी नसतो आणि घर आपलं नाही, म्हणून नाही. तिनं विचारलं, "घर आपलं झालं तर?" तोंडावर आलेलं 'बघू' गिळलं. म्हटलं, "चार-पाच वर्षं तरी होणार नाही."

"बरं," म्हणाली. फाइल परत मागितली. म्हणाली, त्यात एक कागद घालायचाय.

---

चहा_बिस्कीट
गुरुवार, रात्री १०:४१

आजी!!! साष्टांग.

---

गूळपोळी
गुरुवार, रात्री ११:०२

"गुडघा गेलाय, कान नाही." हे मी फ्रेम करून लावणार आहे.

---

पेठेतला_पक्का
शुक्रवार, सकाळी ७:०५

मत बदललेलं नाही. पण मुलीला लस देऊन आणि कोणी ना कोणी लक्ष ठेवून केलंय हे वाचलं. इतकं कोणी करत नाही, हेच माझं म्हणणं होतं. आजींना नमस्कार सांगा. होळी तोंडावर आहे, रंगपंचमीच्या आत ती पेठांपासून लांब जातेय ते बरंच.

---

तिसरा_मजला
सोमवार, रात्री ९:१५

काल गेली.

ते अकराला म्हणाले होते, पावणेअकरालाच आले. काकांनी गाडीत मागच्या सीटवर गादी अंथरून आणली होती आणि काकू मागे बसणार होत्या, तेवढ्यावरूनच निम्मा जीव भांड्यात पडला. लेक सकाळपासून गप्प. मादूला शेवटचं खाली न्यायला नवरा वाकला तर म्हणाली, "झोळी मी धरते." जिना उतरताना ती पुढून एकेक पायरी मोजत होती. अठ्ठेचाळीस आहेत. मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

साखळी तिनं काकांच्या हातात दिली. मग फाइल. त्यात तिचा कागद होता, वहीचं पान, दोन्ही बाजूंनी. मी रात्री फोटो काढून ठेवला होता. तिच्याच शब्दांत देते, तिला विचारून:

"कुकरच्या पहिल्या शिट्टीला मादू घाबरत नाही. दुसरीला घाबरते, कारण पहिली झाली की तिला वाटतं संपलं. म्हणून पहिलीनंतर तिला सांगायचं, 'अजून दोन'. डाव्या कानामागे खाजवायचं, उजव्या नको, तिथे खूप गोचिडी होत्या. भोपळा आवडतो. गाजर आवडतं असं ती दाखवते पण घोंगडीखाली लपवते, ते रोज काढायला लागतं नाहीतर मुंग्या. झोपेत पाय हलवते तेव्हा दुखत नसतं. ती पळत असते. झोपेत पळलं तर चालतं का हे मी डॉक्टरांना विचारलं आहे. चालतं. घोंगडी तुम्ही ठेवा, आजीनं दिली आहे."

काकूंनी तिथेच पार्किंगमध्ये उभ्या राहून दोन्ही बाजू वाचल्या. मग विचारलं, "आमच्याकडे चार शिट्ट्या होतात गं, मग काय सांगू?" लेकीनं जरा विचार केला. "मग 'अजून तीन'. तिला मोजता येत नाही, पण खोटं नको सांगायला."

गाडी वळल्यावर ती वर आली आणि संध्याकाळपर्यंत रडली. साबांच्या मांडीवर, दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला नाही, दुसऱ्या.

---

सात_गेली_आठवी_आहे
सोमवार, रात्री ९:४८

वाचून उठले आणि आमच्या आठवीच्या कानामागे खाजवून आले. पहिले दोन-तीन दिवस मादू तिकडे जेवणार नाही, कोपऱ्यात बसेल. त्यांचा फोन आला तर घाबरू नका, त्यांनाही सांगा घाबरू नका. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब असतो: आधी भीती जाते, मग घराचं वेळापत्रक कळतं, मग घर आपलं वाटतं.

पिंजरा संस्थेला परत करायची घाई करा. रिकामा पिंजरा हॉलमध्ये वाईट दिसतो.

---

वाड्यातला_बाळ्या
सोमवार, रात्री ११:२०

"खोटं नको सांगायला." आमच्या वडिलांना दाखवायला हवं होतं.

---

तिसरा_मजला
पंधरा दिवसांनी, शनिवार, संध्याकाळी ५:४०

बऱ्याच जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं, म्हणून लिहिते.

पिंजरा गेला, टीव्ही जागेवर आला. मादू दुसऱ्या दिवशी रात्री जेवली. तिकडे तिचं नाव गौरी ठेवलंय. मला वाटलं लेक चिडेल. ती म्हणाली, "लग्न झाल्यावर तुझंही बदललं होतं ना?" यावर साबा जरा जास्तच हसल्या.

काल तळेगावहून काकूंचा फोन आला. आठ आठवडे पूर्ण झाले म्हणून मंगळवारी पुण्याच्या दवाखान्यात एक्सरेला आणतायत, छोटीला यायचंय का? लेक शेजारीच उभी होती. मंगळवारी तिची इंग्रजीची तोंडी परीक्षा आहे. फोनवर हात ठेवून सांगितलं, "नाही. तोंडी आहे." दार आपटून आत गेली.

दहा मिनिटांनी बाहेर आली. "मग फोटो तरी पाठवायला सांग."

म्हटलं, सांगते, छानसा काढायला सांगते.

"तोंडाचा नको," म्हणाली. "तोंड मला माहितीये. एक्सरेचा."